फ्रीलान्स लिहिणाऱ्यांचा ऑनलाइन ग्रुप उभा करायचाय? सुरुवात दहा जणांपासून करा

रात्री पावणेबाराला आमच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. "७२ दिवस झाले, क्लायंट पेमेंट करत नाहीये, मेलला पण उत्तर नाही, काय करू?" एवढंच. ग्रुपमध्ये तेव्हा दोनशेच्या वर लोक, त्यातल्या साठ-सत्तर जणांनी मेसेज वाचल्याचं दिसत होतं आणि सकाळपर्यंत एकही उत्तर नव्हतं. सकाळी कुणीतरी त्याच्याच खाली आपल्या नव्या लेखाची लिंक टाकली, तिला भराभर अंगठे आले, आणि दुपारपर्यंत प्रश्न विचारणारी ती बाई ग्रुप सोडून गेली. मी ॲडमिन होते. मी पण वाचला होता तो मेसेज, आणि मला वाटलं की माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेले इतके जण आहेत इथे, कुणीतरी सांगेलच. बाकीच्यांना पण बहुतेक हेच वाटलं असणार.

१९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं होतं. इंटरकॉमवर बोलता बोलता पलीकडच्या माणसाला फिट आल्याचा आवाज ऐकवायचा आणि ऐकणारा मदतीला उठतो का ते बघायचं. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं त्यातले ८५ टक्के लगेच उठले, आणि आणखी चार जण ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं त्यातले फक्त ३१ टक्के. नुसत्या चार जणांनी एवढा फरक पडतो, आमच्याकडे तर दोनशे होते.

त्यानंतर मी नव्याने, लहान ग्रुप सुरू केला आणि तो अजून चालू आहे. त्यातून जे कळलं ते पहिल्यांदाच ग्रुप काढणाऱ्यांसाठी लिहिते आहे. माझ्या लेखी आधार देणारा ग्रुप म्हणजे विचारलं की उत्तर मिळणारा ग्रुप, आणि हे एकदा धरून चाललं की किती माणसं घ्यायची, कुठे भेटायचं, नियम कोणते, हे सगळे निर्णय बरेच सोपे होतात.

पायरी १: कुणासाठी, ते एका वाक्यात लिहा

"लेखनाची आवड असणाऱ्या सगळ्यांसाठी" असं लिहू नका. आवड असणारे आणि लिहून घर चालवणारे यांचे प्रश्न वेगळे असतात. एकाला कवितेवर दाद हवी असते, ती हवीच, त्यात काही चूक नाही, पण दुसऱ्याला आज संध्याकाळपर्यंत ठरवायचं असतं की चौथी रिव्हिजन (क्लायंटने सांगितलेले बदल) फुकट करून द्यायची की जास्तीचे पैसे मागायचे. हे दोघं एकाच चॅटमध्ये असले की थोड्या दिवसांत दुसरा गप्प होतो.

आमचं वाक्य असं आहे: "जे लेखन, संपादन किंवा अनुवाद करून पैसे कमावतात आणि महिन्यातून निदान एक काम क्लायंटला देतात, त्यांच्यासाठी." नवखे चालतात, पहिलंच पैशाचं काम मिळालेला माणूस पण चालतो, अट फक्त काम चालू असण्याची. तुमचं वाक्य वेगळं असेल, फक्त घोस्टरायटिंग (दुसऱ्याच्या नावाने लेखन) करणारे, फक्त तांत्रिक लेखन करणारे, काहीही, पण ते वाचून माणसाला आपण यात बसतो की नाही हे लगेच कळलं पाहिजे.

पायरी २: पहिले दहा जण एकेक करून बोलवा

लिंक सगळीकडे टाकून देणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग. दोन दिवसांत शंभर जण येतात आणि कुणीच कुणाला ओळखत नाही, मग बोलणार कोण? वेबसाइट्सच्या वापरावर काम करणारे जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मोठ्या ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं, ९० टक्के नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून बोलतात आणि बहुतेक सगळं १ टक्काच लिहितो. म्हणजे पाचशेच्या ग्रुपचा भार पाच जणांवर, आणि ते पाच दमले की संपलं.

दहा जणांत असं लपता येत नाही. निवडताना सगळे आपले जवळचे मित्रच घेऊ नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याने नोकरीचं सांगितलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा. वरचेवर भेटणारा होता म्हणणारे साधारण १७ टक्केच निघाले, बाकी सगळ्यांचं काम अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून आलं होतं. कारण साधं आहे, जवळच्या माणसाला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. फ्रीलान्सिंगला हे तंतोतंत लागू पडतं. म्हणून दहात तीन-चार जवळचे, बाकीचे ज्यांच्याशी एखाद्या कामात गाठ पडली होती, ज्यांचं लिखाण वाचून तुम्ही कधी मेल केला होता, असे. आणि सगळे एकाच प्रकारचं लिहिणारे नकोत, कॉपीरायटर, पत्रकार, अनुवादक, स्क्रिप्ट लिहिणारे असे मिसळले की एकाला नको असलेला लीड (कामाची चौकशी) दुसऱ्याचं महिन्याचं काम होतो.

बोलावताना खरं काय ते सांगा. मी असं लिहिलं होतं: "आपण दहा-बारा जण मिळून एक छोटा ग्रुप करतोय, फक्त काम करणाऱ्या फ्रीलान्स लेखकांचा. रेट, पेमेंट, क्लायंट, लिखाणातल्या अडचणी यावर मोकळं बोलायचं आणि आठवड्यातून निदान एकदा कुणाला तरी उत्तर द्यायचं. तीन महिने करून बघू. येशील?" शेवटची मुदत महत्त्वाची वाटते मला, तीन महिन्यांसाठी लोक मनापासून हो म्हणतात.

पायरी ३: जागा ठरवा, पण त्यात महिनाभर घालवू नका

जे ॲप लोक दिवसातून दहा वेळा आधीच उघडतात तेच घ्या. नव्या ॲपचा पासवर्ड आठवत बसण्यातच अर्धे जण गळतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १०२४ पर्यंत माणसं बसतात, टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये दोन लाखांपर्यंत, पण तुम्हाला त्या आकड्यांशी काही देणंघेणं नाही, तुम्हाला दोन गोष्टी बघायच्यात. एक, जुनी माहिती परत सापडते का. स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये गेल्या ९० दिवसांचेच मेसेज दिसतात, त्यामुळे तिथे कुणी करारावर छान समजावून सांगितलं असेल तर तीन महिन्यांनी ते नजरेआड होतं. डिस्कॉर्डवर विषयानुसार वेगळे चॅनल करता येतात, ते बरं पडतं, पण दहा जणांना चौदा चॅनल देऊ नका, रिकामे चॅनल बघून माणसाचा उत्साह जातो. तीन पुरे: प्रश्न, काम आणि पैसे, गप्पा.

दुसरी गोष्ट, फोन नंबर. काही ॲपमध्ये ग्रुपमधल्या सगळ्यांना सगळ्यांचा नंबर दिसतो. जवळच्या दहा जणांत हरकत नसते, पण पुढे अनोळखी लोक येणार असतील तर विशेषतः बायकांना याचा त्रास होतो, नको त्या वेळी नको ते मेसेज येतात. हे आधीच विचारून घ्या आणि एकीला जरी अडचण असली तरी नंबर न दाखवणारं ॲप निवडा.

चॅट कुठेही असो, शेजारी एक साधं शेअर केलेलं डॉक्युमेंट ठेवा. चांगलं उत्तर आलं की कुणीतरी ते त्यात चिकटवायचं. आमच्या डॉक्युमेंटमध्ये आता करारात बघायच्या गोष्टी, ॲडव्हान्स मागण्याचे चार-पाच नमुने, फुकट टेस्ट आर्टिकल मागणाऱ्याला द्यायचं उत्तर असं बरंच साठलंय आणि नवीन माणूस आला की आधी तेच वाचतो.

पायरी ४: नियम थोडे, आणि सगळ्यांनी मिळून केलेले

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते गावकरी, मच्छीमार, शेतकरी आपली सामाईक जंगलं, मासेमारी, पाणी कसं सांभाळतात या अभ्यासासाठी. जिथे हे नीट टिकलं तिथे बऱ्याचदा दोन गोष्टी सारख्या दिसल्या, नियम करण्यात ते वापरणाऱ्यांचा स्वतःचा हात होता आणि चुकलेल्याला शिक्षा हळूहळू वाढत जाणारी होती. ग्रुपमध्ये सामाईक असतं ते लोकांचं लक्ष आणि एकमेकांवरचा विश्वास, ते संपायला पण वेळ लागत नाही.

तर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना विचारा, याआधीच्या ग्रुपमध्ये तुम्हाला कशाचा वीट आला होता? उत्तरांतूनच नियम तयार होतात. आमचे असे झाले: इथलं बाहेर जाणार नाही, स्क्रीनशॉट तर अजिबात नाही. स्वतःच्या लेखाची लिंक फक्त शुक्रवारी. काम टाकताना रेट किंवा बजेट लिहायचंच. आणि कुणाच्या कमी रेटवर हसायचं नाही. हा शेवटचा मी नव्हता सुचवला, एका अनुवादकाने सुचवला, तो म्हणाला की माझा रेट कमी आहे हे मला माहितीये, ते वाढवायलाच मी इथे आलोय.

नियम मोडला तर पहिल्यांदा वैयक्तिक मेसेज, शांतपणे. दुसऱ्यांदा ग्रुपवर आठवण. तिसऱ्यांदा आठवडाभर बाहेर आणि मग कायमचं. मात्र स्क्रीनशॉट बाहेर गेला किंवा कुणी कुणाला छळलं तर पहिल्याच वेळी बाहेर, तिथे पायऱ्या नाहीत.

पायरी ५: उत्तराची पाळी लावा

हे मी सगळ्यात मनापासून सांगते, बाकी काही केलं नाही तरी हे करा. दर आठवड्याला दोन माणसांची पाळी. त्यांचं काम एकच, आलेला कुठलाही प्रश्न २४ तासांपेक्षा जास्त अनुत्तरित राहू द्यायचा नाही. उत्तर माहीत असलंच पाहिजे असं नाही. "मला यातलं कळत नाही पण अमुक एक जणी करार बघते, तिला टॅग करते" हे पण उत्तर आहे. "वाचलं, संध्याकाळी नीट लिहितो" हे पण आहे. प्रश्न विचारणाऱ्याला हवं असतं ते आधी एवढंच की कुणीतरी ऐकलंय.

आणि मदत मागताना नाव घेऊन मागा. "कुणी सांगेल का?" याला उत्तर येत नाही, "तुम्ही मागच्या वर्षी रिटेनरवर (दरमहा ठरलेल्या पैशांवर) काम केलं होतंत ना, दोन ओळी सांगाल का?" याला येतं. नवीन लोकांना प्रश्न विचारायची पद्धत पण सांगून ठेवा: काय झालं, आत्तापर्यंत काय केलं, आणि नेमकं काय ठरवायचंय. या तीन गोष्टी असल्या की उत्तर देणाऱ्याची दहा मिनिटं वाचतात.

सुरुवातीला तुम्हालाच प्रश्न टाकावे लागतील, आणि खोटे टाकू नका, लगेच कळतं. माझा पहिला प्रश्न होता की एका क्लायंटने ब्रीफ (काय लिहायचं याच्या सूचना) तिसऱ्यांदा बदललं आणि मला वाढीव पैसे मागायची भीती वाटतेय. ॲडमिनच घाबरतेय हे दिसल्यावर बाकीचे बोलायला लागले.

पायरी ६: पैशाबद्दल बोलायला लावा

फ्रीलान्सरला ऑफिस नसतं, शेजारच्या टेबलवरच्याला किती मिळतात हे कळायचा मार्ग नसतो, आणि याचा फायदा नेहमी समोरच्याला मिळतो. म्हणून महिन्यातून एकदा आम्ही रेटचा तक्ता भरतो, नाव न लिहिता: कामाचा प्रकार, किती शब्द किंवा तास, किती मिळाले, किती दिवसांत मिळाले, किती रिव्हिजन झाल्या. शेवटचे दोन रकाने विसरू नका, कारण प्रति शब्द रेट चांगला दिसतो आणि मग पाच रिव्हिजन आणि तीन महिन्यांची वाट धरली की ताशी हातात फारच कमी पडतं. माहिती तीन-चार जणांकडून आली तरच आकडा दाखवा, नाहीतर एकट्याचा आकडा कुणाचा ते लगेच ओळखू येतं.

इथे एक सावधगिरी. आपापले रेट सांगणं वेगळं आणि "यापेक्षा कमीत कुणीच काम करायचं नाही" असा सगळ्यांनी मिळून ठराव करणं वेगळं. फ्रीलान्सर कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यावसायिक धरला जातो, त्यामुळे बऱ्याच देशांत असा ठराव स्पर्धेच्या कायद्यात अडकू शकतो. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२२ मध्ये एकट्याने काम करणाऱ्यांना सामूहिक वाटाघाटीसाठी काही सूट देणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली ती याच अडचणीमुळे. तर माहिती द्या, सल्ला द्या, किंमत ज्याची त्याला ठरवू द्या.

पैसे बुडवणाऱ्या क्लायंटबद्दल बोलताना पण तसंच. विशेषणं नकोत, घटना लिहा. काम कधी दिलं, इन्व्हॉइस कधी, मुदत काय, आज किती दिवस झाले. "चोर आहेत" असं लिहिलेलं उद्या तुमच्यावरच उलटू शकतं, तारखा उलटत नाहीत. आणि एनडीए (माहिती गुप्त ठेवण्याचा करार) सही केला असेल तर क्लायंटची कागदपत्रं ग्रुपवर टाकायची नाहीत, अडचण आपल्या शब्दांत सांगायची.

एका मेलची गोष्ट

ग्रुप कसा उपयोगी पडतो ते एका उदाहरणावरून दाखवते. आमच्यातल्या एकीचे पैसे अडकले होते, तिने पाठवायचा मेल आधी ग्रुपवर टाकला: "नमस्कार, त्रास देते त्याबद्दल माफ करा, माझ्या पेमेंटचं काही झालं का? वेळ मिळेल तेव्हा बघाल का? घाई नाही."

पहिल्या माणसाने विचारलं, घाई खरंच नाही का? ती म्हणाली, आहे. मग "घाई नाही" गेलं. दुसरीने माफी काढली, काम तू वेळेवर दिलंयस, माफी कशाची. तिसऱ्याने विचारलं की इन्व्हॉइस नंबर कुठे आहे, कारण ज्याच्याशी तू बोलतेस तो पैसे देत नाही, पैसे अकाउंट्सवाले देतात आणि त्यांना नंबर लागतो. पाऊण तासात मेल असा झाला: "नमस्कार, इन्व्हॉइस क्रमांक १४, तारीख ५ जून, मुदत ३० दिवस. ही मुदत ५ जुलैला संपली, आज २१ दिवस उलटलेत. रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल ते कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे. इन्व्हॉइस पुन्हा जोडले आहे, अकाउंट्स विभागालाही प्रत पाठवली आहे." पाठवायचं बटण दाबायला ती घाबरत होती, दोघं जण चॅटवर थांबले होते तिने "गेला" लिहीपर्यंत. गुरुवारी तारीख आली आणि त्या तारखेला पैसे पण आले. नेहमीच येतात असं नाही, पण ती एकटी असती तर तिने तो पहिला मेल तसाच पाठवला असता.

पुढच्या करारासाठी त्याच संध्याकाळी डॉक्युमेंटमध्ये दोन ओळी वाढल्या: काही रक्कम काम सुरू करण्याआधी घ्यायची, आणि पूर्ण पैसे मिळेपर्यंत लेखाचे हक्क लेखकाकडे राहतील असं लिहून घ्यायचं.

पायरी ७: सोबत लिहा

आठवड्यातून दोनदा आम्ही व्हिडिओ कॉलवर बसतो. पहिली पाच मिनिटं प्रत्येकाने आज काय लिहिणार ते सांगायचं, मग माइक बंद, ५० मिनिटं काम, शेवटी पाच मिनिटं काय झालं ते. बोलणं जवळपास नाहीच. कुणाचं डोकं स्क्रीनच्या कोपऱ्यात खाली झुकलेलं, कुणी मध्येच खिडकीकडे बघत बसलंय, कुणी खोडतंय हे खांद्यावरूनच कळतं. घरात दिवसभर एकट्याने टाइप करणाऱ्याला हे बघणंच पुष्कळ असतं. कॅमेरा बंद ठेवायची मुभा द्या, आणि नाही लिहून झालं तर "नाही झालं" एवढं म्हणून सोडून द्यायचं, कारणं विचारायची नाहीत.

लिखाणावर प्रतिक्रिया देण्याचं काम मात्र चॅटमध्ये करू नका, तिथे ते उथळ होतं. दोघा-दोघांच्या जोड्या लावा, एका वेळी हजार शब्दांपर्यंत, आणि देणाऱ्याने आधीच सांगायचं की काय बघून हवंय: सुरुवात पकडते का, मुद्दा कळतो का, की फक्त शुद्धलेखन. न मागितलेली सुधारणा द्यायची नाही. ज्याचं लिखाण उद्या सकाळी जायचंय त्याला रात्री "रचनाच बदल" असं सांगण्यात काही मदत नाही.

पायरी ८: ॲडमिनला पण सांभाळा

एकटीने ग्रुप चालवू नका. दोन-तीन ॲडमिन ठेवा आणि दर तीन महिन्यांनी एक बदला. माझं स्वतःचं काम मागे पडायला लागलं तेव्हा मी सरळ सांगितलं की सहा आठवडे मी नाहीये, आणि पाळीची पद्धत होती म्हणून काही अडलं नाही.

वाढवायचं असेल तर महिन्याला दोन-तीन जणच घ्या, आणि प्रत्येक नव्या माणसासोबत एक जुना द्या, पहिले पंधरा दिवस तो त्याचे प्रश्न बघेल. तीस-चाळीसच्या पुढे गेलात आणि पाळीवाल्यांना २४ तास पाळणं जमेनासं झालं तर माणसं वाढवणं थांबवा किंवा ग्रुपचे दोन करा. नेहमी बोलणारं कुणी दोन आठवडे गप्प असेल तर त्याला वेगळा मेसेज टाका, "दिसला नाहीस, बरं चाललंय ना" एवढाच. आणि कुणी मनाने फारच खचल्यासारखं वाटलं तर ग्रुपच्या सल्ल्यांवर भागवू नका, घरच्या माणसाशी आणि डॉक्टरशी बोलायला लावा, हवं तर फोनवर सोबत थांबा.

दर सहा महिन्यांनी विचारा की चालू ठेवायचं का. कधीतरी उत्तर नाही असं येईल, लोकांची कामं बदलतात, त्यात कुणाची चूक नसते. तेव्हा महिनाभर आधी तारीख सांगा, डॉक्युमेंटची कॉपी ज्याला हवी त्याला घेऊ द्या, रेटचा तक्ता पुसून टाका, आणि शेवटच्या दिवशी वर स्क्रोल करून बघा, कुणाचा प्रश्न उत्तराविना राहिलेला असेल तर तेवढं उत्तर देऊन मग ग्रुप बंद करा.